फादर तुस्कानोंचा नेहमीचा रस्ता

फादर इनास तुस्कानो चहा बशीतून प्यायचे आणि पिऊन झाला की बशी कपावर पालथी ठेवायचे. स्कूटर सुरू करण्याआधी तिच्या सीटवर थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. संविधान त्यांना पाठ होतं, तरी अनुच्छेद सांगताना पुस्तक उघडल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. "पाठ केलेल्यात माणूस हळूच आपलं घुसडतो," म्हणायचे. कुणी "कायद्यात असं आहे" म्हटलं की लगेच विचारायचे, "कुठं?" जेवताना भाताचा पहिला घास नुसताच खायचे, तांदूळ कोणता ते सांगायचे आणि बहुतेक वेळा चुकायचे. दाराला कडी कधी घालायचे नाहीत. खोटं बोलायची वेळ आली तर खोकायचे. आणि आसगावला जाताना तलावाच्या पारीवरचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने कधी गेले नाहीत.

शेवटच्या दिवसांत यातली एकेक सवय सुटत गेली. रस्त्याची तेवढी सुटली नाही.

भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळ, हायवेपासून थोडं आत, त्यांचं लहानसं चर्च होतं. कौलारू. रविवारी फॅक्टरीच्या वसाहतीतली काही कुटुंबं आणि दवाखान्यातल्या दोन-चार नर्स यायच्या. बाकीचा आठवडा आवारात चिमण्याच. फादर मूळचे वसईचे, केळीच्या वाडीत वाढलेले. पाळक झाल्यावर कायदा शिकले, संविधानावर डॉक्टरेट केली, पुढं अनेक वर्षं कॉलेजात शिकवलं. त्यांनी लिहिलेल्या दोन जाड पुस्तकांतले उतारे वकील कोर्टात वाचून दाखवत. साठी जवळ आली तेव्हा त्यांनी बिशपांकडे लहान जागा मागितली. बिशपांना वाटलं, दमले असतील. दमले नव्हते. त्यांना संविधान गावात नेऊन वाचायचं होतं.

गुंजन शहापूरचीच. वडील चंद्रभान हातमागाच्या लुगड्यांचा व्यापार करायचे. तिनं नागपुरात मराठी साहित्यात एम.ए. केलं आणि घरी येऊन बसली. फादरांकडे मोठा शब्दकोश आहे असं ऐकून एकदा तो बघायला गेली, आणि मग जातच राहिली.

"काय करतेस वो तिथं एवढा वेळ?" आई, कौशल्या, विचारायची.

"भांडते."

"फादरसंग?"

"हो."

"कायच्यासाठी?"

"शब्दासाठी."

"मंग घरीच भांड. इथं शब्द कमी हायेत का?"

भांडण खरंच शब्दांचं होतं. फादर आसगावात वर्ग घ्यायचे. तेजराम नावाच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यानं घराची रस्त्याकडची भिंत त्यांना दिली होती. त्या भिंतीवर संविधानातलं एकेक वाक्य गावाच्या बोलीत लिहायचं ठरलं होतं. रीत अशी, की वर्गात बसलेल्या प्रत्येकानं "मान्य" म्हटल्याशिवाय ब्रश रंगात बुडवायचा नाही. वाक्य लांब असलं तर दोन तुकडे करायचे आणि एका वेळी एका तुकड्याला मान्यता घ्यायची. लिहायच्या जागी आधी खडूनं दोन रेघा आखायच्या. सगळ्यात शेवटी तेजरामला विचारायचं, कारण भिंत त्याची.

"वंचित म्हनजे काय जी?" तेजरामची बायको रुखमा एकदा म्हणाली.

"ज्याच्यापासून हिरावून घेतलं तो," गुंजन म्हणाली.

"मंग हिरावून म्हना ना. सरकारले सोपं बोलता येत नाई का?"

"लिहा, रुखमाबाईचं लिहा," फादर म्हणाले. "कोणाले हरकत?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. फादरांच्या तोंडून त्यांची बोली आली की त्या हसायच्याच. "फादर, तुमी आपलं वसईचंच बोला जी. आमाले समजते."

त्या दिवसांत गावापुढं एकच विषय होता. नदीतून रेती भरलेले टिप्पर तलावाच्या पारीवरून जायचे. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. त्याच्यावरून बैलबंडी जावी एवढाच त्याचा जीव. टिप्परांनी तो खचत चालला होता. पार फुटली तर खालच्या साऱ्या बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, धान जाणार होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पारीवरून टिप्पर बंद करायचा ठराव यायचा होता. आणि असा ठराव करायचा ग्रामसभेला काय अधिकार आहे, ते फादर पुस्तक उघडून वाचून दाखवणार होते. तसा निरोप सरपंचानंच दिला होता.

निरोप रेतीच्या ठेकेदारालाही कळला.

डिसेंबरात एका सकाळी त्याचा माणूस चर्चच्या आवारात आला. भुपेंद्र नाव. पांढरे बूट, हातात तांदळाची थैली. गुंजन ओसरीवर होती.

"चिन्नोर हाय, फादर. घरचा. शिजला का गल्लीभर वास जाते."

"बस ना. चहा घे."

तो बसला. त्यानं दाराकडं पाहिलं, कडीकडं पाहिलं. "तुमी दार नाई लावत म्हन्तेत."

"कोण म्हणतं?"

"लोक." तो हसला. "आसगावचा रस्ता लई खराब झाला, फादर. पारीवर तं गिट्टीच गिट्टी. या वयात स्कूटर चालवता, भेव वाटते आमाले."

"म्हणून तर ठराव करतोय. रस्ता नीट होईल."

"ठराव कोनी बी वाचन. सरपंच वाचन. तुमीच काहून?"

"त्यांनी बोलावलंय म्हणून."

"त्या दिवशी तब्येत बिघडू शकते मान्साची."

फादरांनी कप उचलला. "हे कुठं लिहिलंय?"

भुपेंद्र पुन्हा हसला आणि उठला. थैली तिथंच राहिली. फादर त्याच्या मागं फाटकापर्यंत गेले आणि थैली त्याच्या गाडीच्या हँडलला अडकवून आले. त्याने ती काढली नाही. गाडी हायवेला लागली तेव्हा थैली हलत होती, ते गुंजनला दिसलं.

"पोलिसात कळवा," ती म्हणाली.

"काय कळवू? तांदूळ दिला?"

त्याच आठवड्यात आसगावच्या वर्गात विसावा अनुच्छेद निघाला. कुणालाही स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असं त्यात आहे. म्हातारा तुलाराम म्हणाला, "हे बराबर. पन मनातलं बोलून टाकाचं असन तं मान्सानं कोठी जावं?"

फादर गमतीत म्हणाले, "आमच्या चर्चमध्ये एक लाकडी कोठडी आहे. तिथं माणूस गुडघ्यावर बसतो आणि मनातलं सांगतो. आमच्या वसईला कुमसार म्हणतात. तिथं बोललेलं तिथंच राहतं. कोर्टानं विचारलं तरी पाळक सांगत नाही."

"मारलं कोनी तरी नाई?"

"तरी नाही."

"आमच्या घरवाल्याले पाठवा जी तिथं," रुखमा म्हणाली. "दोन बैलजोड्या कोठी इकल्या थे कळन."

सगळे हसले. तेजराम हसला नाही. गुंजनला वाटलं, बायकोवर रागावला.

जानेवारी लागला. कापणी होऊन बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, त्यांत लाखोळीचं कडधान्य निळं फुललं होतं. एका दुपारी तेजराम चर्चच्या फाटकात उभा दिसला. बाजूला सायकल. इतक्या लांब सायकलनं आला होता. फादर आत दिवे पुसत होते.

"काका, तुम्ही?" गुंजन म्हणाली. "फादर आत आहेत."

"फादर नाई," तो म्हणाला. "थे कोठडी कोठी हाय?"

तिला हसू आलं. तिनं बोट दाखवलं. तो चप्पल काढून आत गेला, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घेतला आणि जाळीच्या पुढं गुडघ्यावर बसला. देवळात बसतात तसं नाही. फादरांनी वर्गात सांगितलं होतं अगदी तसं. फादर थोडा वेळ दिवा हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी दिवा ठेवला, हात पुसले, गळ्यात कुमसाराचा जांभळा पट्टा घातला आणि जाळीच्या पलीकडं जाऊन बसले.

गुंजननं चहा ठेवला. दोन कप. बराच वेळ कुणी आलं नाही. तेजराम बाहेर पडला तो तिच्याकडं न बघता. दुपट्टा आतच विसरला. फादर आले, कपापुढं बसले. चहावर साय धरली. त्यांनी तो बशीत ओतलाच नाही.

"काय झालं, फादर?"

"कशाचं?"

"तेजरामकाका काय म्हणाले?"

"कोण?" फादर म्हणाले.

ते खोकले नव्हते. त्यांनी तिच्याकडं सरळ पाहिलं होतं. गुंजननं दोन्ही कप उचलले.

त्या संध्याकाळी दाराची कडी वाजली. गुंजन फाटकात होती, तिनं वळून पाहिलं. दार आतून बंद होतं. थोड्या वेळानं पुन्हा उघडलं. तेव्हापासून ते उघडंच राहिलं, पण फादर त्याच्या समोर बसेनासे झाले. त्यांनी कपाटातून जाड लॅटिन पुस्तकं काढली. संविधान नव्हे, चर्चचा कायदा. पानात बोट घालून बसायचे आणि वाचायचे नाहीत. भात पुढं आला की तांदूळ कोणता ते सांगायचे नाहीत.

एकदा गुंजन त्यांच्यासोबत आसगावला गेली. वर्ग नव्हता त्या दिवशी. फादर तेजरामच्या बांधीवर गेले आणि कडेच्या धुऱ्यावर उभे राहिले. तेजराम लाखोळीत वाकला होता. तो उभा राहिला.

"यंदा बरी दिसते," फादर म्हणाले.

"हो जी."

"पाणी पुरलं?"

"पुरलं."

पारीवरून एक टिप्पर गेला. धूळ खाली येऊन बसली. फादर तेजरामकडं बघत होते, जणू त्यानं काही म्हणायचं बाकी होतं. तेजराम वाकून पुन्हा तण काढू लागला. फादर तरी उभेच. शेवटी म्हणाले, "येतो मग." चार दिवसांनी ते पुन्हा तसेच गेले आणि तसेच परत आले.

सव्वीसच्या आधीचा वर्ग एकविसाव्या अनुच्छेदाचा. वाक्य ठरायला फार वेळ लागला. 'कायद्यानं ठरवल्या रीतीशिवाय' एवढा पहिला तुकडा सगळ्यांनी मान्य केला, तेजरामनंही मान हलवली, आणि फादरांनी तो निळ्या रंगात लिहिला. दुसरा तुकडा रुखमानं सांगितला: 'कोनाचा जीव हिरावता येत नाई'. त्यासाठी खडूच्या दोन रेघा आखून झाल्या. एकेक जण "मान्य" म्हणत गेला. तेजरामची पाळी आली.

"तेजराम?"

तो जमिनीकडं बघत होता.

"बोला ना वो," रुखमा म्हणाली. "पोट दुखते का?"

"पुढच्या टायमाले," तेजराम म्हणाला आणि उठून गोठ्यात गेला.

फादरांनी ब्रश धुतला. फार हळू धुतला.

परतताना गुंजन स्कूटरवर मागं बसली होती. "त्या दिवशी हायवेनं जा, पवनीवरून," ती म्हणाली. "नाहीतर एसटीनं जा. मी बाबांना गाडी मागते."

"नेहमीच्याच रस्त्यानं जाईन."

"काहून?"

"नेहमीचा आहे म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

"उत्तर नाही ते," फादर म्हणाले. पारीच्या वळणावर त्यांनी स्कूटर हळू केली, पाण्याकडं पाहिलं. "तू येऊ नकोस पण. तुला नागपूरला जायचंय. एका निकालाची प्रत हवी आहे मला, जुनी. लायब्ररीत आहे."

"सव्वीसला?"

"झेंडावंदन झाल्यावर उघडतात. मी फोन केलाय." आणि मग त्यांना खोकला आला. थंडी होती. धूळही होती.

सव्वीस जानेवारीला गुंजन पहिल्या बसनं नागपूरला पोचली. लायब्ररीच्या फाटकाला कुलूप होतं. आत झेंडा फडकत होता आणि चौकीदार खुर्ची उन्हात ओढत होता.

"आज?" तो म्हणाला. "आजच्या दिवशी कधीच उघडत नाही, मॅडम."

"फोन आला असेल. फादर तुस्कानोंचा."

"कोणाचाच फोन नाही."

गुंजन फाटकाला धरून उभी राहिली. संविधानाचा माणूस. सव्वीस जानेवारीला सरकारी लायब्ररी बंद असते हे त्याला माहीत नसेल? तिला पारीवरचा तो खोकला आठवला. तिनं फोन लावला. वाजला, वाजत राहिला. पुन्हा लावला. पुढं पुढं तो वाजेनासा झाला. तिनं आईला फोन केला, वडिलांना केला. मग बस पकडली आणि पूर्ण रस्ता उभी राहिली, बसायला जागा असून.

भंडाऱ्याच्या अलीकडं रुखमाचा फोन आला. म्हणाली, "बाई, फादर गेले वो."

वळणावर समोरून टिप्पर आला होता. नंबर प्लेट नव्हती. स्कूटर तलावाच्या गाळात सापडली. पुस्तक वर पारीवर होतं, रुमालात गुंडाळलेलं. पोलिसांनी अपघात लिहिला. ग्रामसभा तहकूब झाली, पुढची तारीख मग ठरणार होती. संध्याकाळी टिप्पर पुन्हा सुरू झाले.

दफनाला नागपूरहून एक वयस्क पाळक आले होते, फादरांचे जुने मित्र. सगळे गेल्यावर गुंजननं त्यांना विचारलं. कुणाचं नाव घेतलं नाही.

"ख्रिस्ती नसलेल्या माणसानं कोठडीत येऊन काही सांगितलं, तर ते गुप्त ठेवावं लागतं?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "बाप्तिस्मा नसेल तर ते कुमसार नाही. चर्चच्या कायद्यानं ते नुसतं बोलणं."

"म्हणजे फादर सांगू शकले असते? पोलिसांना?"

"कायद्यानं, हो."

"त्यांना हे माहीत होतं?"

"त्यानं ते शिकवलंय, पोरी. मलासुद्धा." म्हातारे पाळक मातीकडं वळले. "तो माणूस गुडघ्यावर बसला होता का?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "मग इनाससाठी ते कुमसारच झालं."

दुसऱ्या आठवड्यात गुंजन तेजरामचा दुपट्टा घेऊन आसगावला गेली. ती बसनं हायवेवरून गेली. तेजराम भिंतीला टेकून बसला होता. तिनं दुपट्टा पुढं केला. त्यानं तो घेतला आणि मांडीवर घडी घालत राहिला.

"मनिष ठेकेदाराकडं टिप्पर चालवते," तो म्हणाला. मनिष त्याचा मुलगा. "त्याले सांगतलं होतं. वळनावर फादरची स्कूटर घ्याची म्हनून. दिवस बी सांगतला. थो नाई म्हनला. मंग गाडी दुसऱ्याले दिली." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "मनिषले मालूम हाय, हे त्यायले मालूम हाय. फादरनं रस्ता बदलला असता तं त्यायनं कोनाले धरलं असतं?"

गुंजन बसली.

"मी फादरले म्हनलं, तुमी घरी राहा. थे म्हने, घरी राहिलो तरी त्यायले तेच समजन. मले म्हने, तू सोता पोलिसात सांग, पोराले संग घे, मी वकील देतो. नाई तं मले सांगाची मोकळीक दे. मी दोन्ही नाई केलं."

"ते शेतावर आले होते. दोनदा."

"हो. एक शब्द नाई बोलले त्याच्यावर. कोठडीच्या बाहेर बोलता येत नाई म्हने." त्यानं दुपट्ट्याची घडी उलगडली, परत घातली. "उभे राहेत निस्ते. मले समजे, कायच्यासाठी उभे हायेत थे. मी तन काढो."

घरात भांडं पडल्याचा आवाज आला. मनिष दारात आला, दाढी वाढलेली. तिला पाहून परत आत गेला.

"आता तरी सांगा, काका," गुंजन म्हणाली. "मी येते संग. आत्ता."

तेजराम उठला आणि भिंतीपुढं गेला. रस्त्यावरची धूळ निळ्या अक्षरांवर बसली होती. त्यानं दुपट्ट्यानं ती पुसली, खालच्या खडूला धक्का न लावता.

"तुमी पुरं करा हे," तो म्हणाला. "तुमचं अक्षर चांगलं हाय."

"माझ्या हातात नाही ते. तुमचं मान्य यायचं आहे."

पारीकडून टिप्परचा आवाज येऊ लागला. तेजरामनं तिकडं पाहिलं, मग घराच्या दाराकडं पाहिलं. रुखमा उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. टिप्पर समोरून गेला आणि भिंत पुन्हा धुळीनं भरली. तेजराम दुपट्टा हातात धरून तसाच उभा होता.

रंगाचा डबा खिडकीत आहे, झाकण घट्ट लावलेला. ब्रश त्याच्यावर आडवा ठेवलाय, धुतलेला, स्वच्छ. भिंतीवर 'कायद्यानं ठरवल्या रीतीशिवाय' एवढंच आहे. त्याच्या खाली खडूच्या दोन रेघा, मध्ये काही नाही.